मनमिळाऊ माणसांचं गाव

आम्हा चर्चच्या पाळकांची धुळ्याला मीटिंग असते तेव्हा अजेंड्यावर प्रार्थना, अहवाल, चर्चा आणि चहा असं छापलेलं असतं. चहाला पंधरा मिनिटं. प्रत्यक्षात चर्चा पंधरा मिनिटांत आटोपते आणि चहा दोन तास चालतो! कारण प्रत्येकाकडे आपापल्या खेड्यातला माल साठलेला असतो. मंडळीतल्या गोष्टी मंडळीत सांगता येत नाहीत. घरी सांगायला जावं तर बायको म्हणते, "मी तिथंच होते." मग माणसानं जायचं कुठं?

माझ्याकडचा बहुतेक साठा एकाच गावातला. धुळ्याहून पारोळ्याकडे जाताना डाव्या हाताला आत वळायचं. पत्र्याचं चर्च, तीसेक घरांची ख्रिस्ती मंडळी, बाकी सगळं गाव कपाशी आणि ज्वारीवालं. मी मूळचा सावद्याचा, केळीच्या पट्ट्यातला. इथली अहिराणी मला कळायची, पण बोलायला गेलो की बाया पदरात तोंड घालून हसायच्या. म्हणून मी आपली पुस्तकी मराठी बोलायचो आणि ते मला अहिराणीत उत्तर द्यायचे. अकरा वर्षं असं चाललं. कोणाचं काही अडलं नाही.

*

पहिल्याच रविवारी मी पाऊण तासाचं प्रवचन बसवून नेलं होतं. नवीन माणूस, छाप पडायला नको? निम्म्यावर आल्यावर मी हात वर करून विचारलं, "प्रभू हाक मारतो तेव्हा आपण हातातलं सगळं टाकून उठतो का?"

पुरुषांच्या बाजूचे सगळेच्या सगळे उठले आणि बाहेर गेले!

मला भरून आलं. इतकी वर्षं प्रवचनं केली, असा परिणाम कधी बघितला नव्हता. मागे एकटे दाविदआबा राहिले. आबा म्हणजे मंडळीचे पंच, वय सत्तरच्या पुढे. ते शांतपणे म्हणाले, "चालू ठेवा, पास्टर. लाइट ऊनी. मोटरी चालू कराले गयात."

शेतीची वीज ठरलेल्या तासांनाच येते आणि त्या आठवड्यात तो तास उपासनेचा होता. थोड्या वेळानं मंडळी पाय धुऊन परत आली आणि आपापल्या जागी बसली. मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

पुढं मी चर्चच्या दारामागे दोन वेळापत्रकं लावली. एक विजेचं, एक उपासनेचं. दुसरं पहिल्यावरून बनवायचं.

*

माझे शेजारी रमेशनाना. ते ख्रिस्ती नाहीत, त्यांच्या घरी श्रावणात कानबाई देवी बसते आणि तिच्या रोटांचं जेवण मला हक्कानं असतं. एकदा नानांच्या म्हशीचं पारडू दगावलं आणि म्हैस पान्हवेना. डॉक्टर झाला, पेंड बदलून झाली, शेवटी नाना माझ्याकडे आले.

"पास्टर, तुमनाकडे म्हैसनी काही प्रार्थना शे का?"

"प्रार्थना करता येईल नाना, पण गॅरंटी नाही."

"डॉक्टर बी देत नही."

मी गोठ्यात उभा राहिलो आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. माझी प्रार्थना जरा लांबते. घरच्यांपासून सुरुवात केली, गावावर आलो, मग तालुका. जिल्ह्यापर्यंत पोहोचलो तेव्हा बादलीत धारेचा आवाज आला!

दुसऱ्या दिवशी नानांनी स्वतः पेपर वाचून बघितला. म्हशीनं लाथ मारली. दाविदआबांनी भजन म्हणून बघितलं. म्हशीनं दावं तोडलं. तिला माझाच आवाज लागायचा, आणि तोही प्रवचनाचा. साधं बोललेलं चालायचं नाही.

ही गोष्ट मी फार अभिमानानं घरी सांगितली. सुनंदा, म्हणजे माझी बायको, भाजी निवडत होती. म्हणाली, "तरीच. उपासनेत सगळे डोळे मिटून सैल पडतात ते त्याच्यामुळेच."

नानांनी मग माझं एक प्रवचन मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं. रोज दोन वेळा लावायचे. अकरा वर्षांत इतक्या नियमितपणे मला दुसऱ्या कोणी ऐकलेलं नाही.

*

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत जाहीर करतात. अमक्याची मुलगी, तमक्याचा मुलगा, अमुक तारखेला विवाह योजिला आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावे. वाचायचं, क्षणभर थांबायचं, पुढं जायचं. त्या क्षणभरात काही होत नसतं. ते थांबणं नुसतं शोभेचं.

दाविदआबांच्या नातीचं लग्न होतं. तिसऱ्या रविवारी मी वाचलं, थांबलो, आणि आबा स्वतःच उभे राहिले. "हरकत शे."

नवरी खाली बघायला लागली. नवरीच्या आईनं भिंत धरली. मी म्हटलं, "आबा, तुमची? सख्ख्या नातीच्या लग्नाला?"

"लगीननी नही. तारीखनी. त्या दिन नळले पानी नही."

आमच्याकडे आठव्या दिवशी पाणी सुटतं. आबांनी बोटांवर दिवस मोजून दाखवले. तीनशे माणूस जेवणार आणि पाणी दोन दिवस पुढं. सगळ्यांनी आपापल्या बोटांवर मोजलं. हिशोब बरोबर निघाला. लग्न दोन दिवस पुढं ढकललं.

माझ्या उभ्या सेवेत पुराव्यासकट आलेली हरकत ही एवढीच!

*

आता राहेलअक्का. आधीच सांगतो, या बाईनं मला जेवढं रडवलं तेवढं कोणी नाही, आणि माझा जीवही तिच्यावरच जास्त. वय विचारलं तर सांगायची, "ऐंशी व्हई. नव्वद बी व्हई. तुले काय करनं शे?" कापूस वेचायला मात्र सुनेच्या पुढं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यात प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा इवलासा प्याला. दाविदआबा ट्रे घेऊन फिरतात. राहेलअक्काजवळ ट्रे आला की ती हात जोडायची आणि ट्रे पुढं जायचा. पहिल्या महिन्यात मला वाटलं, उपास असेल. दुसऱ्या महिन्यात वाटलं, दात दुखत असेल. तिसऱ्या महिन्यात मी अस्वस्थ झालो.

द्राक्षाचा रस आमच्याकडे कुठला? सुनंदा मनुका उकळून गाळायची. मला वाटलं, अक्काला ती चव पटत नाही. मी मनुका बदलल्या. पाणी कमी केलं. साखर घातली. पुढच्या महिन्यात अजून साखर घातली. एकदा तर खास द्राक्षं आणवली. दोन वर्षं मी त्या रसावर मेहनत घेत होतो. मंडळी खूश, पोरं दुसऱ्यांदा हात पुढं करणारी. अक्का हात जोडून बसलेली!

शेवटी सुनंदा म्हणाली, "अहो, रसाचा काही संबंध नाही. तिचं जावेशी वाकडं आहे."

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही इतक्या आवडीनं ढवळत होता."

झालं होतं असं. राहेलअक्का आणि तिची जाऊ मार्थाकाकू, दोघी विधवा, घराला घर लागून, वर धाबं, म्हणजे मातीची गच्ची, एकच. बऱ्याच वर्षांपूर्वी उन्हाळ्यात अक्कानं धाब्यावर बिबड्या वाळत घातल्या होत्या. बिबड्या म्हणजे आमचे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवून, कांडून, शिजवून, तीळ-मिरची-लसूण घालून ओल्या कापडावर थापायच्या. दोन दिवसांचं मरण असतं ते. मार्थाकाकूंची बकरी पलीकडून आली आणि निम्म्या बिबड्या खाऊन गेली.

बकरीचं अक्का विसरली असती. पण मार्थाकाकू आल्या, उरलेल्या बिबड्यांकडे बघितलं आणि शेजारपाजारच्या बाया उभ्या असताना म्हणाल्या, "बकरीनी बी अर्ध्याच खाद्यात. मीठ भलतं पडेल शे."

त्या दिवसापासून अक्का जावेशी बोलली नाही. सव्वीस वर्षं! आणि मनात अढी ठेवून प्याला घ्यायचा नाही ही आमच्यातली शिकवण. बाकीचे सगळे अढी ठेवून घेतात, मी नावं सांगत नाही. अक्का घ्यायची नाही. "मी देवसंगे खोटं बोलाव नही," म्हणायची.

मार्थाकाकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मना काय झगडा शे? तीच बोलस नही." आणि दर महिन्याला प्याला घ्यायच्या.

तेव्हापासून माझ्या मनानं एकच घेतलं. या गावातून जाण्याआधी अक्काच्या हातात प्याला बघायचा.

*

पिकं निघाली की आमच्याकडे हंगामाची उपासना असते. ज्याच्या घरात जे पिकलं ते चर्चमध्ये अर्पण म्हणून आणायचं आणि उपासना संपली की आवारात त्याचा लिलाव करायचा. ज्वारी, भोपळे, अंडी, एखादी कोंबडी. आपणच आणलेला भोपळा आपणच चढ्या भावानं घरी नेणारे भाविक मी पाहिलेत.

राहेलअक्का दर वर्षी बिबड्यांची एक टोपली आणायची. आणि दर वर्षी ती दाविदआबाच घ्यायचे. बोली चढली तरी सोडायचे नाहीत. मी म्हणायचो, आबांना बिबड्या फार आवडतात.

एकदा मी मार्थाकाकूंकडे भेटीला गेलो. त्यांनी चहा ठेवला आणि सोबत भाजलेली बिबडी दिली. मी एक घास घेतला. तीळ जास्त, लसूण कुटलेला नाही तर ठेचलेला. अशी बिबडी गावात एकच बाई करते.

"काकू, कुठून आणली?"

"बजारमाथून."

बिबडीच्या डब्यावर दाविदआबांच्या घरच्या दुरड्यांवर असते तसली निळी चिंधी बांधलेली होती. मी डब्याकडे बघितलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं. माझ्यासमोर एक वयस्क बाई धडधडीत खोटं बोलत होती, आणि तिला दोन शब्द सुनावणं हे माझं कामच होतं. मी अजून एक बिबडी मागितली.

हे मी अक्काला सांगितलं नाही. पाळकाच्या पोटात गोष्ट राहायलाच हवी, नाहीतर उद्यापासून कोणी चहा देणार नाही.

*

दफनाच्या वेळी पाळकानं मयताचा जीवनवृत्तांत वाचायचा असतो. माझा एक ठरलेला मजकूर होता. प्रेमळ, मनमिळाऊ, देवभीरू, सर्वांच्या उपयोगी पडणारे. नाव आणि गाव बदलायचो. एका मयतीवरून परतताना राहेलअक्कानं मला रस्त्यात थांबवलं.

"पास्टर, गावमा इतला मनमिळाऊ लोके मरी गयात. मंग भांडनं कोन करस?"

मी बायबल या काखेतून त्या काखेत घेतलं.

"मनं आतेच लिख. लिखीसन माले वाची दाखाड. अन् मनी माती तूच देवानी. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. तोंडातून गेलं ते गेलं.

मी लिहून नेलं. ती खाटेवर बसली, मी खाली. वाचलं, "राहेलबाई या अत्यंत प्रेमळ..."

"खोड ते. खोटं शे."

"देवभीरू..."

"इंचूले बी भ्यास मी. ते बी लिखशी का? खोड."

"सर्वांना सांभाळून घेणाऱ्या..."

"कोनले? सूनले इचार. खोड."

असे तीन कागद झाले. तिसऱ्यात एवढंच उरलं: राहेल. तिनं कापूस वेचला. चार लेकरं वाढवली, एक पुरलं. बिबड्या चांगल्या करायची.

"अक्का, 'चांगल्या' खोडू का?"

"ते ऱ्हाऊ दे. ते खरं शे." मग कागदावर बोट ठेवून म्हणाली, "अखो एक लिख. जावसंगे सव्वीस वरीस बोलनी नही."

"अक्का, हे कशाला? मयतीला चार गावचे लोक असतात."

"खरं शे ना? मंग?"

मी म्हटलं, "ते लिहिण्यापेक्षा एकदा बोलून टाका ना. दोन पावलांवर घर आहे."

अक्कानं धाब्याकडे बघितलं. म्हणाली, "तू लिख." मी लिहिलं.

*

बदलीची ऑर्डर व्हॉट्सॲपवर आली. जामनेर. पुढच्या महिन्यात हजर व्हा. खाली हात जोडल्याचं चित्र.

गावानं आपापल्या परीनं दुःख केलं. दाविदआबांनी विचारलं, नवा पास्टर विजेचं वेळापत्रक मानतो का? नाना म्हणाले, "तुम्ही जा पास्टर, रेकॉर्डिंग शे." मग घरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मीसुद्धा पुस्तकं बांधता बांधता रडलो. सुनंदानं बघितलं आणि सुतळी पुढं केली.

अक्काकडे जायला मला चार दिवस लागले. तिनं ऐकून घेतलं.

"मंग मनी माती?"

"जामनेरहून येईन ना अक्का. निरोप आला की लगेच निघेन."

"दोन एष्ट्या बदलना पडतीस. तू यीशी तवलोंग माले ठेवतीन का?" तिनं बोटांवर मोजलं. "कव्हय जाशी?"

"पहिला रविवार झाला की."

"त्याना पह्यले मरनं जमाव नही. कापूस वेचना शे." जरा विचार करून म्हणाली, "मंग जावाना पह्यले वाच. देवळमा, बठ्ठासमोर."

"अक्का, जिवंत माणसाचं असं चर्चमध्ये सगळ्यांसमोर वाचत नाहीत!"

"मरावर माले ऐकू येस का?"

*

निरोपाचा रविवार म्हणजे प्रभुभोजनाचा रविवार. चर्च गच्च भरलं होतं. मागच्या भिंतीला टेकून नाना मोबाइल धरून उभे. म्हैस जुन्या प्रवचनाला कंटाळली होती, तिला नवं हवं होतं. बायांच्या चटईवर राहेलअक्का नेहमीसारखी खिडकीकडच्या टोकाला आणि मार्थाकाकू दाराकडच्या टोकाला. मधे अख्खी मंडळी.

दाविदआबा ट्रे घेऊन तयार उभे राहिले. मी म्हटलं, आधी एक वाचन आहे. खिशातून कागद काढला.

"राहेल. तिनं कापूस वेचला."

एका बाईनं सवयीनं हुंदका दिला. अक्का तिच्याकडे वळून म्हणाली, "मी अजून मरनू नही." बाई गप्प झाली.

"चार लेकरं वाढवली, एक पुरलं. बिबड्या चांगल्या करायची." पुढचं वाक्य यायच्या आधी मी चष्मा पुसून घेतला. आयुष्यात एवढं लहान प्रवचन मी केलं नव्हतं आणि एवढं अवघडही. "आपल्या जावेशी ती सव्वीस वर्षं बोलली नाही."

मान वर करायची मला हिंमत होईना. वर पत्रा तापून कडकड वाजत होता. मग दाराकडून आवाज आला.

"मीठ बराबर व्हतं."

मार्थाकाकू उभ्या होत्या. पदर घट्ट धरलेला, नजर समोरच्या भिंतीवर. एवढंच बोलल्या आणि खाली बसल्या.

सगळं चर्च खिडकीकडे वळलं. अक्का हलली नाही. मला वाटलं, तिनं ऐकलं नसावं. मग ती म्हणाली, "पास्टर, पेन शे का?"

"आहे, अक्का."

"मंग ते शेवटलं खोड. आते ते खोटं शे."

मी खोडलं. इतकं जोरात की कागद फाटला. दाविदआबांनी ट्रे उचलला. दारापासून सुरुवात करून एकेकीला देत देत ते खिडकीपर्यंत आले आणि अक्कासमोर नेहमीसारखे क्षणभर थांबले. या वेळी अक्कानं हात जोडले नाहीत. तिनं प्याला घेतला, डोळे मिटले आणि एका घोटात रिकामा केला.

मग तो ट्रेमध्ये परत ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि सुनंदाकडे वळून म्हणाली, "साखर भलती पडेल शे."